झाकलं जाणारं इंजिन रंगवावं का? (रेडियल, रणगाडे, विमानं आणि गोव्यातला पाऊस)

काजूबोंडू (फोंडा) | १२ जुलै, रात्री ११.०५

मंडळी, गेले दीड महिने एका शर्मन रणगाड्याच्या मॉडेलमध्ये अडकून पडलोय. तामियाचा १/३५ मापातला एम४, सुरुवातीच्या उत्पादनातला. किटमध्ये इंजिन येत नाही, मागचा भाग पोकळच असतो. मला दुर्बुद्धी झाली आणि रेझिनचं आर-९७५ मागवलं. राइटचं मूळ विमानी डिझाइन, काँटिनेंटलने रणगाड्यांसाठी बनवलेलं, ९ सिलिंडरचं रेडियल (मधल्या शाफ्टभोवती गोलात सिलिंडर मांडलेलं इंजिन).

नऊ सिलिंडर वेगवेगळे आले. प्रत्येकाच्या फिन (थंड करणाऱ्या पातळ कडा) घासल्या, पुशरॉडच्या (झडपा हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या लावल्या. खऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, म्हणजे १८ वायरी. त्या मोडक्या हेडफोनच्या केबलमधल्या तांब्याच्या तारेतून काढल्या. खऱ्या इंजिनाचा व्यास सव्वा मीटरहून थोडा कमी, म्हणजे या मापात साधारण ३३ मिलिमीटर. तेवढ्या जागेत १८ तारा ओवताना चष्म्याचा नंबर वाढला असावा.

काल बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, "वरचं झाकण लावल्यावर यातलं काय दिसणार?"

काहीच नाही.

तर प्रश्न असा. झाकून टाकू, उघडं ठेवू, की मुळात हे करायलाच नको होतं? जोडप्रश्न: परवा मारलेला लॅकर सकाळी पांढरट पडलेला दिसला. बुरशी का?

---

उंडो | १२ जुलै, रात्री ११.२०

वहिनींचा प्रश्न बिनतोड आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

---

पणजीतला पुणेकर | १३ जुलै, सकाळी ८.१०

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण एक शंका आहे. रणगाड्यात विमानाचं इंजिन कशाला? ट्रकचं का नाही?

---

डिचोलीचा डिझेलवाला | १३ जुलै, दुपारी १.४५

@पुणेकर, शंका रास्त आहे. मी खाणीच्या ट्रकांचे पंप आणि इंजिनं उघडण्यात वीस वर्षं घालवली, म्हणून सांगतो. १९३० च्या दशकात अमेरिकन सैन्याला रणगाड्यासाठी हलकं आणि ताकदवान इंजिन हवं होतं. ट्रकच्या इंजिनांत तेवढा दम नव्हता. विमानाचं रेडियल तयार होतं, कारखाने चालू होते. वर हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही, होजपाइप फुटायची भानगड नाही. मग एम३ स्टुअर्टमध्ये ७ सिलिंडरचं काँटिनेंटल डब्ल्यू-६७० गेलं, तर ली आणि शर्मनमध्ये आर-९७५.

पण फुकट काही मिळत नाही. रेडियल म्हणजे परात उभी ठेवल्यासारखं, लांबी कमी आणि उंची जास्त. क्रँकशाफ्ट बरोबर मध्यावर, म्हणजे जमिनीपासून चांगलाच वर. शर्मनचा गिअरबॉक्स पुढे, इंजिन मागे. त्यामुळे मधला शाफ्ट लढवय्यांच्या पायाखालून तिरपा जातो आणि त्यांना त्याच्या वर बसावं लागतं. शर्मन जो नारळाच्या झाडासारखा उंच दिसतो, त्याचं मोठं कारण हे इंजिन. पुढे शर्मनच्याच एम४ए३ या प्रकारात फोर्डचं व्ही-८ आलं, एम४ए२ मध्ये डिझेलची जोडी, एम४ए४ मध्ये तर क्रायस्लरची पाच कार इंजिनं एकत्र बांधली. पण उंची तीच राहिली, कारण सांगाडा रेडियलच्या मापाने बेतलेला.

काजूबोंडू, माझं मत: करायचंच. इंजिन नसलेला रणगाडा म्हणजे डबा.

---

वाळवंटीकाठ (साखळी) | १३ जुलै, सायं. ६.३०

रेडियल म्हणजे ते पंख्यासारखं अख्खं इंजिन गरगर फिरतं तेच ना?

---

डिचोलीचा डिझेलवाला | १३ जुलै, सायं. ६.५०

नाही रे बाबा. ते रोटरी. पहिल्या महायुद्धातलं नोम, ल रोन वगैरे. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला आणि सिलिंडर पंख्यासकट फिरायचे. रेडियलमध्ये सिलिंडर जागच्या जागी, आतला शाफ्ट फिरतो. बाहेरून बघितलं तर दोन्ही सूर्यफुलासारखी, म्हणून घोळ होतो.

---

वाळवंटीकाठ (साखळी) | १३ जुलै, सायं. ६.५८

मग नेहमी ७ किंवा ९ च का? ८ का नाही? देवाला विषम आकडा लागतो तसं काही आहे का?

---

डिचोलीचा डिझेलवाला | १३ जुलै, सायं. ७.२०

देवाला नाही, फोर-स्ट्रोकला लागतो. शाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. म्हणून एक सोडून एक असं पेटवत जायचं: १-३-५-७-९, मग दुसऱ्या फेरीत २-४-६-८, आणि पुन्हा १. अंतर सारखं राहतं, इंजिन गुळगुळीत चालतं. ८ घेतलेस तर १-३-५-७ झाल्यावर परत १ वरच येशील, सम सिलिंडर उपाशी. जास्त ताकद हवी असेल तर एकामागे एक दोन रांगा. डकोटा विमानाचं ट्विन वास्प ७ आणि ७ मिळून १४. पण प्रत्येक रांगेत आकडा विषमच.

कागदावर गोल काढून बोटाने मोजून बघ, पटेल.

---

उंडो | १३ जुलै, रात्री ९.००

मोजलं. पावभाजीच्या ताटात लिंबाच्या फोडी मांडून. पटलं. फोडी खाल्ल्या.

---

निवृत्त नट-बोल्ट (वास्को) | १४ जुलै, सकाळी ६.१५

पहाटे उठायची सवय गेलेली नाही, म्हणून सवडीने लिहितो.

मी नौदलात सुपर कॉन्स्टेलेशनवर काम केलं आहे, दाबोळीला. ही विमानं आधी एअर इंडियाची, मग हवाई दलाची, आणि १९७६ मध्ये आमच्याकडे आली. त्यातलं एक आज बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उघड्यावर उभं आहे. सोमवार सोडून कधीही जाऊन बघा. तिथलं फायरफ्लाय व्ही-१२ इंजिनाचं, अलिझे टर्बोप्रॉप, सी हॉक जेट. खरंखुरं मोठं रेडियल बघायचं तर कॉनीच्या, म्हणजे आमच्या सुपर कॉन्स्टेलेशनच्या, नाकाडांखाली जाऊन उभं राहायचं.

तिचं राइट आर-३३५०. दोन रांगांत १८ सिलिंडर, ५५ लिटर. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका इंजिनाला ३६. चार इंजिनं. गुणाकार तुम्ही करा, मी तो पान्ह्याने केलेला आहे. शिवाय धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूवर फिरणाऱ्या तीन टर्बाइन प्रत्येक इंजिनाला, ज्या ती ताकद परत शाफ्टला द्यायच्या. पुस्तकी नाव पॉवर रिकव्हरी टर्बाइन. जगभरचे मेकॅनिक त्याला पार्ट्स रिकव्हरी टर्बाइन म्हणत, कारण आतला तुटलेला माल आधी तिथे जाऊन अडकायचा.

मॉडेलवाल्यांना कामाची गोष्ट. रेडियल बंद ठेवलं की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचतं. द्रव दाबला जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्रज्वलन बंद ठेवून पंखा फिरवायचा, पाती मोजायची, मग स्विच. शर्मनचे लोकही बराच वेळ उभ्या राहिलेल्या रणगाड्याचं इंजिन हँडल घालून हाताने फिरवून घ्यायचे. मथितार्थ: तुमच्या इंजिनाचे वरचे सिलिंडर कोरडे आणि खालचे तेलकट दिसले पाहिजेत. नऊच्या नऊ एकसारखे चकचकीत केलेत, तर ते शोरूमचं इंजिन. आमच्यात म्हणायचे, रेडियलखाली तेल सांडलेलं दिसलं नाही तर आत तेल आहे का ते बघ.

---

काजूबोंडू (फोंडा) | १४ जुलै, सकाळी ७.३०

काका, दंडवत. १४४ प्लग! मी १८ वर रडत होतो.

एक विचारू? दोन-दोन प्लग कशासाठी?

---

निवृत्त नट-बोल्ट (वास्को) | १४ जुलै, सकाळी ७.५०

दोन कारणं. मोठ्या सिलिंडरमध्ये दोन बाजूंनी पेटलं की जळण नीट होतं. आणि दोन मॅग्नेटो (प्लगला वीज पुरवणारी यंत्रं) स्वतंत्र. एक मेला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. उड्डाणाआधी एकेक बंद करून बघतात, इंजिनाचे फेरे थोडे पडतात, म्हणजे वेग कमी होतो. ठरलेल्या मर्यादेत पडले तर ठीक, जास्त पडले तर परत हँगरमध्ये. रणगाड्याच्या आर-९७५ लाही तीच व्यवस्था.

---

म्हापशाची मिरची | १४ जुलै, रात्री १०.१०

जोडप्रश्नाकडे कोणी बघितलंच नाही. काजूबोंडू, ती बुरशी नाही. लॅकरचं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेतली वाफ त्या थंड रंगावर पाणी होऊन बसते. तेच पांढरं दिसतं. हलक्या हाताने रिटार्डर (वाळणं सावकाश करणारं द्रव्य) घातलेल्या थिनरची एक धूळफवारणी दे, बहुतेक वेळा निघून जातं. आणि यापुढे पावसाळ्यात लॅकर मारायचाच असेल तर:

संध्याकाळी नको, दुपारी मार. एअरब्रशच्या नळीला पाणी धरणारा सापळा लाव. नसेल तर नळीतून थेंब उडतो आणि विमानाच्या पाठीवर फोड येतो. वाळवायला मी जुना स्टीलचा पिंप वापरते, तळाला सिलिका जेलच्या पिशव्या, वर पालथी जाळी. (पिंप सासूबाईंचा कोकमांचा होता. त्यांना अजून माहीत नाही.)

एनॅमल मात्र या दिवसांत तीन-तीन दिवस चिकट राहतं. मागच्या श्रावणात डकोटाच्या पंखावर पाल बसली आणि अख्खी नक्षी उमटवून गेली. पाच बोटं, शेपटी, सगळं. ते पुसलं नाही. खालच्या बाजूला आहे, विचारलं तर दाखवते.

आता मुख्य प्रश्न. माझं मत डिझेलवाल्यांच्या विरुद्ध. जे दिसत नाही त्यावर वेळ घालवणं हा आपला अहंकार. एअरफिक्सच्या १/७२ डकोटात इंजिनाची पुढची रांग छान आहे. व्यास १७ मिलिमीटर, रुपयाच्या नाण्याहूनही लहान. काउलिंगच्या (इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या) तोंडातून फक्त पुढचे सात सिलिंडर दिसतात. मी तेवढेच केले. काळं, त्यावर ड्रायब्रशने रुपेरी, क्रँककेसला फिकट राखाडी, तपकिरी वॉश. अर्ध्या तासात दोन्ही इंजिनं. मागची रांग मी रंगवलीही नाही. कोणाला कळलं?

---

डिचोलीचा डिझेलवाला | १४ जुलै, रात्री १०.३०

आता आम्हाला कळलं ना ताई.

---

म्हापशाची मिरची | १४ जुलै, रात्री १०.३३

तुम्हाला कळून काय उपयोग, तुम्ही विकत थोडंच घेणार आहात 😀

---

वाळवंटीकाठ (साखळी) | १५ जुलै, दुपारी ३.००

सगळ्यांचं वाचून मलाही स्फुरण चढलं. माझ्याकडे एडुआर्डचा १/४८ टेम्पेस्ट २ अर्धवट पडला होता, आपल्या हवाई दलाच्या रंगात करायचा म्हणून. काल रात्री बसून इंजिनाला ताणलेल्या स्प्रूच्या (किटच्या उरलेल्या प्लास्टिक चौकटीच्या) पुशरॉड लावल्या. प्रत्येक सिलिंडरला दोन. फोटो उद्या टाकतो!

---

म्हापशाची मिरची | १५ जुलै, दुपारी ३.२५

अरे देवा. टाकू नकोस. टेम्पेस्ट २ ला ब्रिस्टल सेंटॉरस आहे. ते स्लीव्ह व्हॉल्व्हचं. त्यात नेहमीचे झडपा-पुशरॉड नसतातच. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक बाही असते, ती वर-खाली आणि थोडी वळत हलते आणि तिची भोकं सिलिंडरच्या भोकांसमोर आली की वायू आत-बाहेर. म्हणून ती इंजिनं बाहेरून इतकी गुळगुळीत दिसतात. हर्क्युलिसही तसंच. पुशरॉड हव्या असतील तर ब्रिस्टलचीच ज्युपिटर, मर्क्युरी, पेगासस घे. आपल्या हवाई दलाचं पहिलं विमान, १९३३ मधलं वापिती, ज्युपिटरवर उडायचं. त्याला लाव पाहिजे तेवढ्या.

---

वाळवंटीकाठ (साखळी) | १५ जुलै, दुपारी ३.४०

३६ पुशरॉड. छत्तीस. रात्री अडीचपर्यंत.

---

उंडो | १५ जुलै, दुपारी ३.४२

आता झाकण्याचं महत्त्व पटलं का?

---

बाल्कांव | १६ जुलै, रात्री ९.१५

धाग्याचं अपहरण करतो, क्षमा असावी.

दाबोळीचा विषय निघाला म्हणून आठवलं. माझे वडील तेव्हा चिखलीला, धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, त्याचे हादरे त्यांनी घरात बसून अनुभवले. खिडकीच्या शिंपल्यांच्या तावदानांचा खळखळाट ते शेवटपर्यंत सांगायचे. विमानतळावर त्या दिवशी दोन प्रवासी विमानं उभी होती. एक पोर्तुगालच्या टॅपचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि दुसरं इथल्या पोर्तुगीज कंपनीचं, टायपचं, डीसी-४. रात्री अंधारात, खड्डे पडलेल्या धावपट्टीवरून ती दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त.

दोन्ही चार-चार रेडियलची. म्हणजे त्या रात्री आठ रेडियल इंजिनं एकामागोमाग दाबोळीवर सुरू झाली असणार, पाती मोजून की न मोजता, ते नट-बोल्ट सांगू शकतील.

मला टायपचं डीसी-४ करायचं आहे. १/१४४ मध्ये मिनिक्राफ्टचं किट आहे, पण टायपची डीकॅल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची नावं-चिन्हं) मला कुठे मिळालेली नाहीत. घरी छापावी लागणार. कोणी छापली आहेत का?

---

निवृत्त नट-बोल्ट (वास्को) | १७ जुलै, सकाळी ६.०५

@बाल्कांव, जीव वाचवताना कोणी पाती मोजत नाही. पण ती दिवसभर तापलेली किंवा नुकतीच आलेली असतील तर मोजायची गरजही कमी. तेल साचायला वेळ लागतो.

डीकॅल: इंकजेटने छापलीत तर आधी क्लिअर लॅकरचा हात द्या, नाहीतर पाण्यात बुडवताच कंपनीचं नाव मांडवीला मिळेल. आणि पांढरं अक्षर घरच्या प्रिंटरला छापता येत नाही, तेवढं पांढऱ्या पट्टीवर बेता.

---

पणजीतला पुणेकर | १७ जुलै, सकाळी १०.००

आमच्याकडे नगरला (आता अहिल्यानगर) रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लहानपणी शाळेची सहल गेली होती, शर्मन बघितल्याचं आठवतं. त्याच्यावर चढू दिलं नाही म्हणून रडलो होतो. इंजिन कुठे असतं हे आज कळलं.

आणि कोहिमाला गेलो होतो तेव्हा १९४४ च्या लढाईतला एक ली रणगाडा जागच्या जागी उभा केलेला बघितला. म्हणजे त्यातही हेच नऊ सिलिंडरचं?

---

डिचोलीचा डिझेलवाला | १७ जुलै, दुपारी १.३०

लीचं मूळ रूप म्हणजे आर-९७५, बरोबर. आतलं सगळं करायचंच असेल तर मिनिआर्टचं एम३ ली इंजिनासकट येतं. आपल्या काश्मीरमधल्या झोजी ला खिंडीच्या लढाईतल्या स्टुअर्टबद्दल मात्र किट घेण्याआधी फोटो नीट बघा. १ नोव्हेंबर १९४८, ७ लाइट कॅव्हलरी. पूल पेलणार नाहीत म्हणून बुरूज उतरवून रणगाडे वर नेले, तो पराक्रम. स्टुअर्टची एम३ घराणी रेडियलची आणि एम५ म्हणजे कॅडिलॅकच्या दोन व्ही-८ ची. एम५ ची मागची पाठ उंच उचललेली असते, एम३ ची तशी नसते. पाठ बघा, मग इंजिन ठरवा.

---

घुमट (मांद्रे) | १९ जुलै, रात्री ११.५०

मी मॉडेल करत नाही. नरकासुर करतो. वीस-पंचवीस फुटी, बांबू, गवत, कागद, वर रंग. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच्या मानेत गिअर घातला, जुन्या टेबलफॅनची मोटर आणि सायकलची चेन, डोळे फिरायचे आणि जबडा हलायचा. त्या जबड्यामागे तीन आठवडे गेले. आतली चेन कोणालाही दिसत नव्हती. पहाटे कृष्णाने बाण मारला आणि मोटर काढून घेऊन बाकी सगळं जाळलं.

तुमचं इंजिन निदान झाकून का होईना, राहणार आहे. काय रडताय.

---

उंडो | १९ जुलै, रात्री ११.५८

या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. मोटर काढून घेतली हे विशेष आवडलं.

---

घुमट (मांद्रे) | २० जुलै, रात्री १२.०४

फॅन आईचा होता.

---

चिकणमाती | २२ जुलै, रात्री १.३०

चतुर्थी जवळ आली, चित्रशाळेत रात्रंदिवस काम चालू आहे, म्हणून दोनच मिनिटं. आमच्याकडे तीन पिढ्या गणपती होतात. मूर्ती मखरात ठेवली की पाठ भिंतीला. ती पाठ कोण बघतं? आजोबा पाठीवरचं जानवं सुद्धा बारीक ब्रशने काढायचे. वडील एक हात मारून मोकळे व्हायचे. मी? पाट ओळखीच्या घरचा असेल तर जानवं काढतो, नाहीतर एकच हात. खरं ते सांगितलं.

मिरचीताईंचं "अहंकार" मला पटलं नाही. आजोबांना कोणी शाबासकी देत नव्हतं. पण त्यांनी वर्षाला चाळीस मूर्ती केल्या आणि मी दीडशे करतो, हेही खरं.

---

म्हापशाची मिरची | २२ जुलै, सकाळी ९.२०

@चिकणमाती, शब्द मागे घेते. "अहंकार" चुकीचा. हौस म्हणूया. मागची रांग मात्र अजूनही रंगवणार नाही.

---

डिचोलीचा डिझेलवाला | २२ जुलै, दुपारी २.००

काजूबोंडू कुठे आहेत? मधला मार्ग सुचवतो. शर्मनच्या मागे इंजिनाचे दोन दरवाजे असतात, ते उघडे ठेवा. पण लक्षात घ्या, शाफ्ट पुढे जातो म्हणून पंखा आणि फ्लायव्हील लढवय्यांच्या बाजूला. मागच्या दरवाजातून सिलिंडर फारसे दिसत नाहीत, मॅग्नेटो आणि बाकीची जोडणी दिसते. तुम्ही रंगवलेल्या फिन त्या दारातून नाहीच दिसणार. दुसरा उपाय, वरची डेकप्लेट चिकटवू नका. खरीही बोल्टनेच बसायची, इंजिन काढायचं तर ती उचलायचे. चार कोपऱ्यांत बारके चुंबक घाला. किंवा तिसरा: इंजिन बाहेर काढून तिकाटण्यावर टांगलेलं दाखवा, खाली तेलाचा डाग, शेजारी डोकं खाजवणारा मेकॅनिक.

---

निवृत्त नट-बोल्ट (वास्को) | २३ जुलै, सकाळी ६.२०

डोकं खाजवणारा मेकॅनिक फार वास्तव.

---

काजूबोंडू (फोंडा) | १७ ऑगस्ट, रात्री १०.४०

मंडळी, उशिरा आलो. मध्ये शाळेच्या परीक्षा, मग आठ दिवस ताप.

सगळं वाचलं. मिरचीताई, पांढरेपणा एका फवारणीत गेला, कोकमाचा पिंप मात्र आमच्या घरी मिळाला नाही, बिस्किटांचा डबा वापरला. काका, खालचे तीन सिलिंडर तेलकट केले, वरचे कोरडे. फरक इतका पडला की मीच पाच मिनिटं बघत बसलो.

डिझेलवाल्यांचे चुंबक आणून बसवले. डेकप्लेट छान बसायची, उचलली की खाली नऊ सिलिंडर. आठवडाभर येईल त्याला उचलून दाखवलं. मग मुलीच्या मैत्रिणी आल्या, प्रत्येकीने उचलली, आणि चौथ्या वेळी एक्झॉस्टची नळी मोडली. दुरुस्त केली. परत मोडली. काल रात्री चुंबक काढले आणि प्लेट चिकटवून टाकली. कायमची. आता तो बाहेरून कुठल्याही शर्मनसारखा दिसतो.

आज सकाळी टेबल झाडताना कटिंग मॅटखाली तांब्याची एक तार सापडली. प्लग वायर. मापाने कापलेली, टोकं वाकवलेली, काळी रंगवलेली. म्हणजे आत १७ च आहेत.

आता बोला.

---

उंडो | १७ ऑगस्ट, रात्री १०.४४

🤣🤣🤣

---

वाळवंटीकाठ (साखळी) | १७ ऑगस्ट, रात्री १०.५०

माझ्याकडे ३६ पुशरॉड शिल्लक आहेत, पाठवू का?

---

चिकणमाती | १७ ऑगस्ट, रात्री ११.३०

उघडा. नाहीतर झोप लागणार नाही.

---

म्हापशाची मिरची | १७ ऑगस्ट, रात्री ११.३२

खबरदार उघडलंस तर. लॅकर परत मारायला लागेल, आणि बाहेर धो धो कोसळतोय.

---

निवृत्त नट-बोल्ट (वास्को) | १८ ऑगस्ट, सकाळी ६.१०

एक प्लग गेला तरी सिलिंडर दुसऱ्या मॅग्नेटोवर चालतो. फेरे थोडे पडतील, पण मर्यादेत. उड्डाणास परवानगी.

---

काजूबोंडू (फोंडा) | १८ ऑगस्ट, सकाळी ७.२५

काका, रणगाडा आहे तो.

---

निवृत्त नट-बोल्ट (वास्को) | १८ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मग तर काहीच हरकत नाही. ती तार जपून ठेवा, सुटा भाग म्हणून.